ऑरिनच्या नावाचा रॅम्प

पाइन फोर्ड, मिनेसोटा
२८ सप्टेंबर १९८६

चि. आर्डिस,
अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे ऑरिनरावांना दे, घेतले तर.

परवा तुम्ही दोघं हॉलबाहेर गाडीत बसून राहिलात, तेव्हा आत काय चाललं होतं ते तुला कळायला हवं. तुझ्या नवऱ्याला चाकाच्या खुर्चीवरून घराबाहेर पडता यावं, दाराशी रॅम्प व्हावा, म्हणून अख्ख्या नॉर्डाल गावाने मदतीचं जेवण ठेवलं. आणि ठेवलं कुठे, तर सहा पायऱ्या चढून जावं लागणाऱ्या चर्चच्या हॉलमध्ये. समितीत नऊ माणसं. टेबलावरच्या चादरी पिवळ्या की निळ्या, यावर दोन बैठका झाल्या असं कानावर आलं. त्या बैठकांना जाताना त्याच सहा पायऱ्या चढणाऱ्या नऊ जणांपैकी एकालाही त्या दिसल्या नाहीत.

गाडीपाशी आलेले चौघं खुर्चीसकट उचलून आत नेतो म्हणाले, तेव्हा ऑरिनरावांनी सुनावलं की आपण अजून मेलेलो नाही, मेल्यावर याच चौघांना बोलावू. ते लगेच आत पोचलं. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. समितीचा अध्यक्ष हार्लन बाक्के तेवढा हसला नाही. चौघांत तो होता.

मग लिलाव. अक्रोडाचा केक मी घेतला आणि रीतीप्रमाणे पुन्हा विकायला परत दिला. पुढच्याने घेतला, त्यानेही परत दिला. असा तो अकरा वेळा विकला गेला, दर वेळी टाळ्या. हार्लन माइकवर इतका गहिवरला, की रॅम्प त्यालाच हवाय असं वाटावं. शेवटी केक त्याच्याच गाडीतून गेला. तुमच्याकडे चंदेरी कागदाखाली गार बटाटे आले.

असो. लाकडापुरते पैसे जमले, हे कबूल. माझ्या वखारीतलं लाकूड ऑरिनरावांना चाललं नाही. मेहुण्याचं घेतलं तर भीक आणि गावाचं घेतलं तर आज आपली पाळी, उद्या दुसऱ्याची, असा त्यांचा हिशेब. मग गावाला सांग, जमीन गोठायच्या आत खांब पुरा. नोव्हेंबर लागला की कुदळ उडते, आणि ते एप्रिलपर्यंत घरात कोंडले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
वर्लिन


नॉर्डाल
६ ऑक्टोबर १९८६

ती. दादा यांस,
आर्डिसचा नमस्कार. वि. वि. आम्ही ठीक आहोत असं लिहिणार होते.

काल प्रार्थनेनंतर समिती बसली. ऑरिनला गाडीत बसलेलं पाहून सगळ्यांचं काळीज हललं, असं हार्लन म्हणाला. म्हणून ठरलं, की रॅम्प आधी हॉलला बांधायचा. म्हणजे पुढच्या जेवणाला ऑरिनला आत येता येईल. आमच्या घरचा वसंतात बघू. ऑरिन घरातून खाली उतरणार कसा, हे कोणी विचारलं नाही. पाद्री म्हणाले, ठीक आहे. मग एकेक करत सगळे तेच म्हणाले. नजरा माझ्याकडे वळल्या तेव्हा मीही म्हणाले, ठीक आहे, छान झालं. वर आभारही मानले. हसू नकोस. इथे तोंडावर नाही म्हणणारा माणूस तू कधी पाहिलास का?

घरी येऊन सांगितलं. ऑरिनने खुर्ची खिडकीकडे फिरवली, एवढंच. जेवणाच्या दिवशी घरच्या पाच पायऱ्या तो बसून, घसरत उतरला होता. मी मागे खुर्ची धरून. पाठीचं सालटं गेलंय, अजून भरलं नाही. गावासमोर तो तसं करणार नाही, आणि बर्फात ते जमणारही नाही.

वहिनीला सांग, तिने धाडलेल्या लेफ्से, त्या बटाट्याच्या पोळ्या, पोचल्या. रागावलास तरी लिहीत जा.
तुझी,
आर्डिस


पाइन फोर्ड
९ ऑक्टोबर १९८६

चि. आर्डिस,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा दात-ओठ खाऊन.

तू आभार मानलेस. चष्मा पुसून पुन्हा वाचलं; तेच लिहिलं होतं. तहानलेल्याच्या नावाने वर्गणी काढायची आणि नळ आपल्या अंगणात बसवायचा, हे फक्त भल्या माणसांनाच सुचतं. वाईट माणसाला निदान शरम वाटली असती.

काल हार्लनचा फोन आला. धर्मकार्य आहे, तेव्हा लाकूड खरेदीच्या भावात द्या म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. त्याला संशय आला असावा, कारण त्याने दोनदा विचारलं. पावती कोणत्या कामाची करू, असं मी विचारलं, तर जेवणाच्या पोस्टरवर आहे तेच घाला म्हणाला: ऑरिन स्कोगेनचा रॅम्प. मी अक्षरन् अक्षर तसंच घातलं. आज येऊन तो सही करून गेला. खाली दोन ओळी होत्या, त्या त्याने वाचल्या नाहीत. वाचण्याची सवय असती तर पायऱ्याही मोजल्या असत्या.

गावकरी शनिवारी, अठरा तारखेला, आठ वाजता चर्चपाशी जमणार आहेत. तू एवढंच कर: घरच्या पायऱ्यांची उंची पट्टी लावून मोज आणि उलट टपाली कळव. दर इंच उंचीला फूटभर लांबी लागते. का, ते विचारू नकोस. तुला कोणी विचारलं तर तू खरं सांगून मोकळी होतेस, ही तुझी जुनी खोड.

जेवत जा. ऑरिनरावांना काही बोलू नकोस.
दादा


नॉर्डाल
२० ऑक्टोबर १९८६

ती. दादा यांस,
नमस्कार. वि. वि. तू लबाड आहेस.

शनिवारी सातच्या आत तुझा माणूस अंगणात लाकूड उतरवून, खांबांचे खड्डे पाडून निघूनही गेला. तिकडे चर्चपाशी वीस माणसं हातोड्या घेऊन डोनट खात उभी. साडेआठला आमच्याकडे गाड्यांची रांग लागली. हार्लन टोपी हातात घेऊन दाराशी आला, लाकूड चुकून इथे आलं म्हणाला. मी पावती पुढे केली. माल ऑरिन स्कोगेनच्या घरी पोचवावा, आणि खाली त्याचीच सही. त्याने कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग खड्डे पाहिले. खिडकीत ऑरिन कॉफी पीत होता. त्याने सगळ्यांना हात केला. आता त्याच्या डोळ्यांदेखत लाकूड परत भरा, असं म्हणायला विसांतला एकजण पुढे येईना. पाद्री एका खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, ठीक आहे. मग सगळेच तसं म्हणाले.

पाचला काम संपलं. जाताना हार्लनने विचारलं, हॉलचं काय करायचं. मी म्हटलं, “वसंतात बघू.” त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाला, छान.

मेहुण्याने फसवलं, असं ऑरिन दोन दिवस पुटपुटतोय. पण पैसे गावाचे, त्यामुळे त्याला परतही करता येईना. कठड्याचे दोन खिळे वाकडे आहेत, ते हार्लनचे, असं तो आल्यागेल्याला दाखवतो.

आता पुरे करते, कारण तो दारात थांबलाय. पत्र मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत एकटा जाणार म्हणतो. मागे यायचं नाही असं बजावलंय. मी जाणार नाही.

वहिनीला प्रेम, तुलाही, जरी तू लायक नसलास.
तुझी,
आर्डिस


(पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलने)

वर्लिन, पेटीपाशी पोचलो. ती पडद्याआडून बघतेय, तिला वाटतं मला दिसत नाही. बघू दे. मी इथे आणखी थोडा वेळ बसणार आहे.
ऑरिन