स्टानोयेची रायफल

३ ऑक्टोबर १९६१
आले एकदाची सर्बियाच्या या डोंगरगावात! बंदुका दुरुस्त करणारी बाई इथे कुणी पाहिलेली नाही. दुकानमालक रादोयेकाकांनी राकिया या इथल्या दारूचा पेला पुढे करत विचारलं, हातोडी पेलवेल ना, पोरी? मी पेला एका घोटात रिकामा केला. पहिलंच काम झकास मिळालं. सैन्याने मोडीत काढलेली जुनी रायफल शिकारी मंडळाला नीट करून हवीय. नळीवरचा राजाचा मुकुट घासून वर नव्या सरकारचा शिक्का ठोकलाय. दस्त्यावरचा रंग खरवडला, तर खाली नाव कोरलेलं: स्टानोये.

६ ऑक्टोबर
कोण हा स्टानोये, म्हणून बाजारात चौकशी केली. मिरच्या भाजणाऱ्या पर्सिदाआजींचा हात थांबला. माझा भाऊ, म्हणाल्या. महायुद्धात त्याच्या तुकडीला वीटभट्टीपाशी शेजाऱ्यांवरच गोळ्या झाडायचा हुकूम झाला, तेव्हा त्याने बंदूक खाली ठेवली. त्याच बंदुकीने त्याला मारलं. कुणी, ते सांगेनात. गावच्या स्मारकावर मात्र लिहिलंय, ‘शत्रूच्या गोळीने पडला.’

७ ऑक्टोबर
सकाळी पाहते तर टेबलावरची रायफल फिरलेली. नळी खिडकीतून टेकडीवरच्या घराकडे. ते घर वेलिझारचं, शिकारी मंडळाच्या अध्यक्षाचं. काकांनी नळी भिंतीकडे वळवली. जेवून आलो, तर पुन्हा टेकडीकडेच.

९ ऑक्टोबर
वेलिझार आला. नाव तासून टाक, म्हणाला. मी नकार दिला.
“नवी आहेस, पोरी. मेलेल्यांच्या भानगडीत पडू नकोस.”
“मेलेल्याचं फक्त नाव आहे. भानगड तुमची दिसतेय.”
तो गेल्यावर काका हळूच बोलले. गोळी वेलिझारच्या बापाने झाडली होती. अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

१० ऑक्टोबर
गोळी नळीत सरकवणारा बोल्ट काढून कपाटात कुलपात ठेवलाय. तरी रायफलीतून तो सरकल्याचा आवाज येतो. दस्ता कोमट लागतो, माणसाच्या गालासारखा. काका लेकीकडे निघून गेले, चल म्हणत होते. मी नाही गेले. स्मारकावर खडूने खरं काय ते लिहून आले.

११ ऑक्टोबर
खडू पुसलेला. छिन्नीने कोरलं.
वेलिझार टेकडी उतरून येतोय. हातात कुऱ्हाड— नळी त्याच्यामागे सरकतेय. मी हात लावलेला नाही. गोळी नाही, बोल्ट नाही, तरी—
दाराला कडी घातली.
दारावर घाव. ओरडून सांगितलं, आत येऊ नकोस, मरशील. आणि हेही सांगितलं, स्टानोयेचं नाव मी पुसणार नाही—