प्लासिबो आणि दहाव्याचा कावळा

व्हय वकीलसाहेब, डोकं ठिकाणावर हाय माजं. मिश्रीची डबी कुटं लपवलीया ते तुमाला म्हाईत न्हाई, मला हाय. आजून काय पुरावा पायजे? कुणी दटावलं न्हाई, कुणी काय पाजलं न्हाई. मी रंभाबाई भैरू गवारे, वय सत्तरीच्या पल्याड, राहणार माण, तालुका मुळशी, हे मृत्युपत्र सांगतीया आन् आमची भाडेकरू गौतमी लिहितीया.

गौतमी औषधाच्या कंपनीत हाय. तिच्याकडनं मी एक शब्द शिकले, प्लासिबो. गोळीत औषध नसतंय, नुसती रोग्याची समजूत. म्हटलं, ह्या शब्दाचं माहेर कुटलं?

"लॅटिन, आजी. अर्थ, मी खूश करीन. पूर्वी युरोपात मयताच्या प्रार्थनेत हा शब्द होता. नात्यातले नसलेलेही येऊन गायचे, जेवण मिळावं म्हणून."

"अगं, मग मी बी गायलेय की!"

मालकांच्या दहाव्याला मुळेकाठी पिंडाला कावळा शिवंना. ऊन चढलं, भावकी भुकेली. भटजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल, कबूल करा." दीर म्हणाले, "वैनी, बोला कायतरी!" मालकांची बहीण नलिनी, नवऱ्यानं टाकलेली, आमच्यातच ऱ्हायची. मी हात जोडले, "वन्संला जन्मभर सुखात ठेवीन." मनात काय बी नव्हतं, पोटातच कावळे वरडत होते. तेवढ्यात खरा कावळा शिवला. लागू पडली की गोळी!

तवा कलम पहिलं. हे घर आन् वरच्या भाड्याच्या खोल्या नलिनीवन्संच्या. त्यांच्या माघारी पुतण्या निरंजनच्या. निरंजन, वन्संला वृद्धाश्रमात ठेवायचं बोलत हुतास, मी ऐकलंय. कान बी ठिकाणावर हायेत.

दुसरं. पाटा-वरवंटा निरंजनच्या बायकोला, वैष्णवीला. माज्या वाटणाची लई तारीफ करती आन् घरी पाकिटातला मसाला घालती.

गौतमीला काय न्हाई, लिहिणारीला दिलं तर निरंजन कोर्टात जाईल. तिनं लोणच्याची बरणी आत्ताच उचलावी.

तिसरं. माज्या दहाव्याला कावळा आडला तर निरंजननं तोंड उघडू नये. दर्भाचा कावळा शिववा आन् जेवा.

साक्षीदार: विठ्ठलराव भोईर, शारदा ओझरकर. ठिकाण माण, ६ फेब्रुवारी २०२५.

थांब गौतमी, सहीच्या आधी एक ओळ ऱ्हायली. वन्सं आत गेल्यात च्या टाकायला, तवर लिही. कावळा आडणारच हाय. ते वचन तवा खोटं हुतं, आता तिच्याबिगर मला घास उतरत न्हाई. मला तिच्या आधी मरायचंय.