तंदूरचा दाखला

कोतो, तोक्यो
९ जून २०२४

तीर्थस्वरूप नंदूमामांस,
भाचा सारंगचा सा. न. वि. वि.

तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरेच आहे. जे लिहिणार आहे ते मोठ्याने बोलायची माझी हिंमत नाही. वृंदामामींना सांगा, मेतकूट पोचले.

आमचे मुख्य आचारी पंढरीनाथ यांच्यावर मागच्या आठवड्यात हल्ला झाला. हॉटेलच्या मागे सायकली लावायच्या जागेत कोणीतरी पाठीमागून लोखंडी सळई घातली आणि ती तिथेच टाकून पळाला. कानामागे टाके पडले, उजव्या मनगटाचा चुरा झाला. भिंतीवर उडालेले रक्त मीच ब्रशने घासून काढले. मालक चारुदत्तसाहेबांनी हॉस्पिटलात सांगितले, की सायकलवरून पडले. पोलीस आले की सगळ्यांच्या व्हिसाचे कागद निघतील, ही त्यांची भीती. आमचीही.

पण पंढरीनाथ गप्प बसणारे नाहीत. त्यांच्या उस्तादांच्या भटारखान्यात म्हणे एक रीत होती. ज्याच्यावर संशय, त्याने उघड्या हाताने पेटत्या तंदूरच्या भिंतीवरची रोटी काढायची. मग हात बांधून ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी सोडायचा. जखम स्वच्छ असली तर माणूस खरा. चिघळली तर त्याचेही मनगट त्याच सळईने फोडायचे. नाही म्हणेल त्याची नोकरी गेली, म्हणजे व्हिसाही.

पहिला नंबर शशिकांतचा लागला, कारण पंढरीनाथांनी त्याला वर्षभर तंदूरला हात लावू दिला नव्हता. कातडी भिंतीलाच चिकटून राहिली. रोटी मात्र त्याने काढलीच. मला प्रथमोपचार येतात म्हणून हात मी बांधला. आम्ही एकाच खोलीत राहतो. रोज पहाटे सगळे झोपलेले असताना मी गुपचूप त्याचे कापड सोडून हात नळाखाली धरत होतो आणि मलम लावत होतो. तिसऱ्या दिवशी जखम स्वच्छ निघाली. सगळ्यांनी पेढे वाटल्यासारखे चेहरे केले.

आता सत्यजितची पाळी. त्याचे आणि पंढरीनाथांचे हल्ल्याच्या आदल्याच दिवशी भांडण झाले होते. पंढरीनाथांचे टाके निघाले, की जुलैतल्या एका सुट्टीच्या दिवशी ठेवणार आहेत. मालकांनी मला बजावले आहे, की मध्ये कोणी हात सोडला नाही ना, हे मीच बघायचे. मामा, असला कायदा जगात कुठे होता का? मी काय करू?

मामींना नमस्कार. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सारंग

पुणे
२१ जून २०२४

चि. सारंग यास नंदूमामाचे अनेक आशीर्वाद.

लॉ कॉलेजात दोन वर्षे काढून तू सुवाच्य अक्षर तेवढे घेऊन बाहेर पडलास, असे मी तुझ्या आईला नेहमी म्हणतो. आज तेच अक्षर मी दार लावून दोनदा वाचले. मामीला पत्र दाखवलेले नाही.

असला कायदा होता, आणि ज्या इंग्रजी कायद्यावर मी चाळीस वर्षे वकिली करून पोट भरले त्याच्याच पोटात होता. तापलेले लोखंड हातात धरून चालायचे. पाद्री मंत्र म्हणायचा, हात बांधायचा, तिसऱ्या दिवशी सोडायचा आणि देवाने काय ठरवले ते सांगायचा. त्याच्याही आधी नुसता सूड होता, तू माझ्या भावाला मारलेस, मी तुझ्या. मग राजाने न्यायाधीश गावोगाव फिरवले. ते शेजाऱ्यांना शपथ घालून विचारत, मुडदा कोणी पाडला, तुम्ही काय पाहिले. राजधानीत परतले की एकमेकांना आपले निवाडे सांगत. एका गावचा निवाडा दुसऱ्या गावाला दाखला होत गेला, आणि त्यातून साऱ्या मुलखाचा एक कायदा तयार झाला.

पुढे १२१५ साली पोपने पाद्र्यांना या कामात भाग घ्यायला मनाई केली. पाद्री निघून गेल्यावर लोखंड म्हणजे नुसते लोखंड राहिले. तुरुंग भरलेले आणि न्यायाधीशांना काही सुचेना. शेवटी त्यांनी शेजारच्या बारा जणांनाच विचारायला सुरुवात केली, हा दोषी आहे की नाही. हे फार प्रेमाने झाले असे समजू नकोस. बारा जणांपुढे उभे राहायला जो तयार होत नसे, त्याच्या छातीवर दगड रचून त्याला चिरडत.

तुमच्याकडचा पाद्री तू आहेस. हात बांधणाराच निकाल देतो. शशिकांतला वाचवलेस हे चांगले केलेस, पण ही रीत खरा निकाल देते असा एक दाखलाही तयार करून ठेवलास आणि तो खोटा आहे. त्याच्या जोरावर सत्यजितचा हात जाईल. तू बाजूला हो. आणि जमल्यास तुमच्या शेजाऱ्यांना विचार. कोणी विचारले आहे का अजून?

जिवाला जप. आमचा जीव टांगणीला आहे हे ध्यानात ठेव.
तुझा,
नंदूमामा

कोतो, तोक्यो
१० जुलै २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडे आहे, कारण डाव्या हाताने लिहितो आहे. शुद्धलेखन मात्र कोशात बघून तपासले आहे.

तुमचे पत्र वेळेवर पोचले. मी बाजूला झालो. सगळे तंदूरभोवती उभे होते, सत्यजितने बाही वर सारली होती, आणि मी म्हणालो, की मी हात बांधणार नाही. मालकांनी दरडावून विचारले, की शशिकांतच्या वेळी चालले, आता काय झाले. तेव्हा मी खरे सांगितले, की त्याची जखम देवाने नव्हे, मी स्वच्छ ठेवली होती. मला वाटले, रीत तिथेच मोडेल.

पंढरीनाथ शांतपणे म्हणाले, की मग शशिकांतचा निकाल रद्द, आता त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

भटारखान्यातल्या त्यांच्या दोन माणसांनी शशिकांतची मान धरली आणि तोंड तंदूरच्या तोंडावर दाबले. मामा, त्याचे पाय सत्यजितने धरले होते. आधी भुवया गेल्या, मग केस. खूप वास येत होता. त्याने ओरडून सांगितले, की मी मारले, मीच मारले. मग त्याला बाहेर ओढून त्याचे मनगट ओट्यावर ठेवले. पंढरीनाथांनी डाव्या हाताने सळई घातली. पहिल्या घावात हाड मोडले नाही म्हणून दुसरा घातला. मी मध्ये पडलो तर मला ढकलले, आणि तोल सावरताना माझा उजवा पंजा तंदूरच्या कडेवर टेकला.

मी तसाच ॲप्रनमध्ये कोबानकडे पळालो. चौकातली पोलीसचौकी हो. मला एकच शब्द आठवला, तासुकेते, म्हणजे वाचवा.

मालक, पंढरीनाथ, ती दोन माणसे आणि सत्यजित, सगळे कोठडीत आहेत. शशिकांतचा एक डोळा गेला. पोलिसांच्या दुभाष्यापुढेही तो म्हणतो, की मीच मारले. मामा, मग त्याने खरेच मारले असेल का? मी सत्यजितचा हात वाचवला आणि शशिकांतचा डोळा घालवला, असा हिशेब मला झोपू देत नाही.

मामींना यातले काही सांगू नका. आशीर्वादाच्या आधाराने बसलेला,
सारंग

पुणे
२२ जुलै २०२४

चि. सारंग यास अनेक आशीर्वाद.

मामीने पाकीट फोडले. ती तुला घरी बोलावते आहे. मी म्हटले, आधी त्याला काम पुरे करू दे.

डोके भट्टीत घातलेला माणूस काहीही कबूल करतो. कुठल्याही कोर्टात मी ते कबुलीपत्र टराटरा फाडले असते. तो अजून तेच म्हणतो, कारण ते बोलल्यावर भट्टीतून बाहेर काढले एवढेच त्याच्या लक्षात आहे.

माझ्या पत्रातला शेजाऱ्यांचा मुद्दा तू गाळलास. जपानी येत नाही म्हणून लाजलास ना? हातवारे कर, पण विचार.

लवकर कळव, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
नंदूमामा

कोतो, तोक्यो
६ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मागच्या गल्लीत हायाशीसान नावाच्या आजी राहतात. कचऱ्याच्या जागेवर त्यांचेच राज्य. तेलाचे डबे चुकीच्या वारी ठेवले की त्या मला बोलावून पिशव्या उघडायला लावतात. दुभाष्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी सगळे खिडकीतून पाहिले होते. हल्ल्याच्या आदल्या दिवशी पंढरीनाथांनी एका दारुड्या गिऱ्हाइकाला कॉलर धरून बाहेर फेकले होते. हल्ल्याच्या वेळी सळई त्याच गिऱ्हाइकाच्या हातात होती. आमच्यातला कोणीच नव्हता. हॉटेलवाल्यांनी तक्रार केलीच असेल, असे आजींना वाटले. तरी दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या होत्या. दार मीच उघडले होते. भिंत घासून माझे हात अजून ओले होते. मला वाटले, कचऱ्यावरून रागवायला आल्या आहेत. म्हणून मी वाकून सुमिमासेन, म्हणजे माफ करा, असे म्हणालो आणि दार लावून घेतले.

पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला. तो माणूस सापडला. शशिकांतवर आता संशय नाही.

हे सांगायला मी हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी गेलो, तेव्हा नर्स माझ्याही हाताचे कापड बदलत होती. जखम अजून चिघळलेली आहे. शशिकांतने उरलेल्या डोळ्याने माझ्या पंजाकडे बघितले. मग म्हणाला, की पंढरीनाथांच्या रितीने बघितले तर दोषी तू निघालास.

मी त्याला आजींसमोर लावून घेतलेल्या दाराचे सांगितले. शशिकांतला जाळल्याचा खटला उभा राहील, त्यात पहिला साक्षीदार मी आहे. तो संपेपर्यंत घरी येता येणार नाही, असे मामींना सांगा.

तुमच्या दोघांच्या मायेत कमी होऊ नये, एवढेच मागणे.
तुमचा,
सारंग