केशरबाईंचे गुडघे

३ नोव्हेंबर

शी! पुण्याहून गुडघेदुखीची इंग्रजी प्रश्नावली मराठीत होऊन आली. 'बाथटबमधून बाहेर पडताना कितपत वेदना होतात?' — हे कळमनुरीच्या बाजारात उभं राहून विचारून दाखवा म्हणावं! या अभ्यासाचे प्रमुख नरसिंग सर म्हणाले, "अगं, व्हिएतनामच्या डॉक्टरांनी त्यांच्या भाषेत केलीच ना? तिकडची माणसंही खालीच बसतात." त्यांना जमलं असेल. आमच्या भाषांतरकारानं आयुष्यात चूल पाहिलेली दिसत नाही.

६ नोव्हेंबर

प्रश्नांतून बाथटब गेला, पायमोजे चढवणं गेलं. चुलीपुढं बसणं, उकिडवं बसून धुणं, घागर उचलणं आलं. आता गावोगाव फिरून तपासायचं. त्याच माणसाला पंधरा दिवसांनी पुन्हा तेच प्रश्न. उत्तरं जुळली तर प्रश्नावली पक्की. फिजिओथेरपी शिकले ती यासाठी!

११ नोव्हेंबर

औंढ्याजवळचं गाव. केशरबाई, साठीच्या. गुडघे बाहेरच्या बाजूला असे वाकलेत की तपासायचीही गरज नाही. प्रश्न त्यांना विचारायचा, उत्तर नवऱ्याचं — उत्तमरावांचं.

"खाली बसताना दुखतं?"

"काय न्हाई होत तिला."

"घागर उचलताना?"

"दोन दोन उचलती. लिवा."

मी म्हटलं, आजोबा, गुडघे तुमचे की त्यांचे? तर म्हातारा म्हणतो, "आमचं दोघांचं बराबरच हाय." मुलगा बालाजी मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता. केशरबाई खाली मान घालून. चहाही त्यांनीच केला, भिंत धरून उठत. सून मंजुषा हिंगोलीला नर्सिंगच्या कॉलेजात गेलेली. स्वतःच्या दुखण्यावरही बाईचा हक्क नाही! थू!

१२ नोव्हेंबर

सर म्हणतात, सांगितलं तेच लिही. लिहिलं. सगळीकडे 'काहीच त्रास नाही'.

१७ नोव्हेंबर

कनेरगाव नाका. दोन बायका, दोघींची उत्तरं नवऱ्यांनी दिली. ढाब्यावरचं जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर

आज केशरबाई एकट्या सापडल्या! उत्तमराव औंढ्याला, बालाजी शेतात. पहिलाच प्रश्न विचारला आणि बाई रडायलाच लागल्या.

"भाकरी थापायला बसते तं जीव जातो माय. उठायचं म्हनलं की डोळ्यापुढं अंधारी येती."

"मग काहून लपवता?"

"कुनाला सांगू नका. यांनाच तेवढं ठावं हाय."

यांना ठाऊक आहे! म्हणजे सगळं माहीत असून त्या माणसानं माझ्यासमोर मिशीवर हात फिरवत 'लिवा' म्हटलं. डोकं असं फिरलं की विचारू नका. असल्या माणसाच्या घरचा चहा प्यायले याचीच किळस आली.

निघाले तर दारात बालाजी, मोटारसायकलवर. सगळं सांगून टाकलं. आईचे गुडघे पार झिजलेत, चुलीपुढं बसू देऊ नका, घागर उचलू देऊ नका. केशरबाई आतून हातानं नको नको करत होत्या. बिचाऱ्या, किती धाक तो! बालाजीनं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "बराबर हाय मॅडम. उद्यापासून आईचं काम बंद."

चला, त्या घरात एक तरी शहाणा पुरुष निघाला. म्हाताऱ्याची चांगली जिरली!

२७ नोव्हेंबर

केशरबाईंची उत्तरं जुळत नाहीत म्हणून सर वैतागले. "गाळ त्यांना." गाळा! पहिल्यांदा बाई खरं बोलली आणि तीच तुमच्या कामाची नाही. सरांचाही वीट आलाय आता.

५ डिसेंबर

केशरबाईंना व्यायाम शिकवायला गेले. दार मंजुषानं उघडलं, पिठाचे हात घेऊन. आज कॉलेज नाही? "सुटलं. लग्नातच यांची अट होती — आईच्यानं काम होतंय तोवर शिक." यांची म्हणजे बालाजीची. उत्तमराव ओट्यावर होते, माझ्याकडं पाहिलंही नाही. केशरबाई बाजेवर बसून होत्या. "आमी दोघांनी दोन सालं निभावलं हुतं माय. तिचं एकच साल ऱ्हायलं हुतं," एवढंच म्हणाल्या. मी व्यायामासाठी पाय पुढं करा म्हटलं. त्यांनी केला नाही.