स्थळ आपल्याच घरी

१२ जाने.
डांबर एकदाचं वस्तीपर्यंत आलं! सासूबाईंना दम निघेना, ओल्या डांबरात पाय घालून आल्या. चप्पल गेली. रागावणार कोणाला, मीही तशीच डांबरात गेले होते.

१९ जाने.
धाकट्या दिराला, संतोषला स्थळ आलंय. पाहुणे घर बघायला येणार. मामंजी म्हणतात, नेहमीसारखं तिसगावला त्याच्या मावशीचं घर दाखवू. डोंगरावरची वस्ती बघितली की मुलीवाले चहाही न घेता उतरतात. मलाही मावशीचंच घर दाखवलं होतं. मग लग्नाची वरात पायथ्याशी थांबली, आणि नवरीबाई शालू खोचून डोंगर चढल्या!
मी साफ सांगितलं, "आता रस्ता हाय. हितंच बोलवा."
संतोष हळूच म्हणाला, "वहिनी, हे बी मोडलं तर मी चाकनला जानार. मग परत न्हाई येत."
त्याच्या वयाची सगळी तिकडेच कंपन्यांत गेली. हा गेला की उरणार म्हातारी माणसं आणि आम्ही दोघं.

२६ जाने.
आले! जीप थेट अंगणात. मुलगी रेश्मा, तिसगावला एका दवाखान्यात नर्स. तिनं एकच विचारलं, "पावसात रस्ता टिकंल का?"
मामंजी "टिकंल की" म्हणणार, तोवर संतोष बोललाच, "ठाऊक न्हाई. त्यानं अजून पावसाळा बघितलाच न्हाई."
झालं, म्हटलं, गेलं हेही. तर पोरगी हसली.

२८ जाने.
होकार!! मामंजी पेढे घेऊन निघाले, निम्म्या घरांना कुलूप. मग कुलूपवाल्या एकेकाला फोन लावून ओरडून सांगितलं.

९ फेब्रु.
सुपारी फुटली. रेश्माची अट: नोकरी सोडणार नाही, स्कूटीवर रोज जाऊन येईन. एक पावसाळा बघू. रस्ता टिकला तर इथंच, नाहीतर दोघं तिसगावला खोली घेऊ.
सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं. मला मात्र नाचावंसं वाटलं. या वस्तीवर अट घालून आलेली सून पहिलीच.

१८ मे
लग्न दणक्यात. वरात पार दारापर्यंत, डीजेच्या टेम्पोसकट. चाकणचे सगळे आले होते, दोघं-तिघं आपापली घरं उघडून झाडूनही गेले. राहतील का, कोण जाणे.

२ जून
रेश्मा ड्यूटीला गेली. मामंजी सकाळपासून खोरं घेऊन रस्त्याच्या कडेला चारी खणतायत. या वयात कशाला, म्हटलं.
"पानी कडंनं गेलं पायजे. सून राह्यली पायजे."
मीही पाटी घेतली.