दोर सोडण्यापुरता उजेड

९ फेब्रुवारी, सकाळ

चि. बोक्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. थोरली पोर आता लाँच चालवते. सुकाणू तुझ्यासारखंच एका हाताने धरते आणि माझा ओरडाही तुझ्यासारखाच हसत खाते. पलीकडच्या धक्क्यावर सध्या रंगकाम काढलंय.

सात वर्षांनी दादाचं पत्र, म्हणजे कुणी गेलं की काय, असा धसका घेऊ नकोस. कुणी गेलेलं नाही.

बाबांचा नियम आठवतो ना? पहाटेचा उजेड तीन पायऱ्यांनी येतो, म्हणायचे. झुंजूमुंजू झालं की पाणी आणि आभाळ वेगळं होतं. मग पलीकडची झाडं एकमेकांपासून सुटी होतात. आणि सूर्य वर यायच्या जरा आधी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात. ‘उतारूंनी रांगेने चढावे.’ उभ्या जन्मात तिथे कुणी रांग लावली नाही, पण पाटी वाचल्याशिवाय दोर सोडायचा नाही. संध्याकाळी तेच उलटं. आधी अक्षरं जातात, मग झाडं, शेवटी पाण्याची रेघ. अक्षरं जायच्या आत शेवटची फेरी सुटली पाहिजे. तुला अंधारातही दिसायचं म्हणून बाबांनी तुला बोक्या म्हटलं, सुकाणू तुला दिलं. पाटी वाचायचा मान मात्र थोरल्याचा, माझा.

गेल्या मंगळवारी पहाटे मी नेहमीसारखा धक्क्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, “वाचली. सोड दोर.”

थोरली जागची हलली नाही. “बाबा, काय वाचलंत?”

“काय म्हणजे? उतारूंनी रांगेने चढावे.”

“अहो, पाटी काल रंगवायला काढून नेलीय. तिथे नुसते दोन खांब आहेत.”

उतारू हसले. मीही हसलो. मग इंजिनापाशी जाऊन बसलो.

मला रातांधळेपणा आहे, बोक्या. डॉक्टरांनी परवा सांगितलं, पण मला ते आधीच ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वीच्या त्या अपघाताच्या सकाळच्याही आधी वर्षभर ठाऊक होतं. झाडं मला दिसतच नव्हती. पाटी तोंडपाठ होती, तेवढ्यावर मी दोर सोडायला सांगत होतो.

त्या सकाळी तू म्हणालास, “दादा, मला अजून दिसत नाही. थोडं थांबू या.” ज्याला अंधारात दिसतं तो थांबू म्हणत होता, आणि मी म्हणालो, “मी वाचली. सोड.” पुढे त्या जाळीवाल्याच्या होडीवर आपण आदळलो. त्याचा पाय गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, उजेड पुरेसा होता का? मी म्हणालो, पाटी स्वच्छ दिसत होती. मग दोष सुकाणूवाल्याचा. तू माझ्याकडे पाहिलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. तुझा परवाना गेला, तू घर सोडलंस, आणि ‘धाकट्याने घाई केली’ असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिलो. माझे डोळे गेलेले कळले तर लाँच जाईल, पोरी लहान आहेत, ही सबब मी इतकी वर्षं स्वतःला दिली. ती पुरत नाही. मला लाज वाटते.

काल बंदर कचेरीत सगळं लेखी दिलं आणि माझा परवाना साहेबांच्या टेबलावर ठेवला. तुझं प्रकरण ते पुन्हा उघडणार आहेत, त्यासाठी तुला सहीला यावं लागेल. जाळीवाल्याच्या घरीही गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, “भावाला सांगितलंस का?”

म्हणून हे पत्र.

शेवटच्या फेरीने ये. ती धक्क्याला लागते तोवर अक्षरं गेलेली असतात, आणि माझ्यासाठी माणसंही. मी तिथेच उभा असेन. तुझ्याकडे पाहून ओळख दाखवली नाही तर दादाने तोंड फिरवलं असं समजू नकोस, मला तू दिसणारच नाहीस. तूच हाक मार. शिवी घातलीस तरी चालेल, आवाज ओळखेन.

त्या सकाळी पाटी न वाचलेला,
तुझा दादा