छताला भोक पाडून बसवलेला रेडिओ

होल्मव्हिल, नेब्रास्का
ऑक्टोबर सरत आला, १९७६

चिरंजीव वेंडेल,

थोरल्या भावाचे आशीर्वाद घे आणि आधी खुर्ची ओढून बस, कारण हे पत्र उभ्यानं वाचण्याजोगं नाही. तुझा गुडघा काय म्हणतो? कोंबड्या अंडी देऊ लागल्या की अजून रुसलेल्याच आहेत? तुमच्या त्या ओरेगॉनात बारा महिने भिजपाऊस, तेव्हा छातीत कफ धरत असेल तर आई लावायची तसा मोहरीचा लेप लावत जा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा चढलेला आहे, पण तो आजाराने नव्हे, संतापाने. आणि ह्या संतापाला कारण माझी मुलगी लॉरेटा, तिचा नवरा ड्युएन आणि सीबी रेडिओ नावाची, जिच्यात ऐकताही येतं आणि बोलताही येतं अशी एक काळी पेटी, जी ह्या घटकेला माझ्या निळ्या प्लिमथ गाडीत मेलेल्या घुशीसारखी लटकते आहे.

तुझ्याकडे हे खूळ पोचलं असेलच. ट्रकवाल्यांनी पुढच्या वळणावर पोलीस दडलेला असल्याची चहाडी एकमेकांना करावी म्हणून हा रेडिओ घेतला, तोवर माझी हरकत नव्हती. पण यंदा आमच्या गावात तो दंतवैद्याकडे आहे, पाद्रीबाबांकडे आहे आणि हल्दाबाई लिंडग्रेनच्या स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्याशेजारी आहे. पूर्वी माणसं संध्याकाळी ओसरीवर बसून मावळता सूर्य बघायची, आणि कुणाला एखादी कविता आठवली तर दुसरा पुढची ओळ म्हणायचा. आता सूर्य बिचारा एकटाच मावळतो आणि लोक पेटीत तोंड घालून विचारतात, ‘तुमच्याकडे सूर्य मावळला का?’

मला ही पेटी घ्यावी लागली ती ऑगस्टातल्या एका क्षुल्लक गोष्टीवरून. माझ्या इर्माच्या थडग्यावर फुलं ठेवायला मी दर आठवड्याला जातो हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी परतायला जरा उशीर झाला, आणि लॉरेटाला मी शेजारच्या परगण्यातल्या एका पेट्रोल पंपावर सापडलो. मी तिला सांगितलं की तिथला सोडा चांगला असतो म्हणून गेलो होतो. (तिथला सोडा खरंच वाईट नाही.) त्यावर ती मला म्हणाली, ‘बाबा, एक तर गाडीत सीबी बसवायचा, नाही तर किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या.’ वेंडेल, ज्या पोरीला मी मांडीवर बसवून ह्याच गाडीचं चाक धरायला शिकवलं, तिने! गाडी गेली तर मला उरलं काय? ओसरी, खुर्ची आणि ड्युएनची बडबड. इर्मापाशी जायचं तर कुणाला तरी विनवून जायचं, आणि तो कुणीतरी घड्याळ बघत दाराशी उभा. मी मुकाट्याने सीबी पत्करला.

तो निवडायला आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा, गालावर कल्ले, टाय ताटलीएवढा रुंद. त्याने सांगितलं की नव्या वर्षात चाळीस चॅनलचे सेट येणार, म्हणून तेवीस चॅनलचे तो पडत्या भावात काढतो आहे. ड्युएन विरघळला. मी म्हटलं, ‘मला एका चॅनलवरसुद्धा कुणाशी काही बोलायचं नाही, तिथे तेवीस काय आणि चाळीस काय?’ तर तो कल्लेवाला माझ्याकडे न बघता ड्युएनला म्हणतो, ‘आजोबांना नऊ नंबर दाखवून ठेवा, तो संकटाचा असतो.’ माझी निवड एवढीच, की मी समोरच्या तीन पेट्यांपैकी सर्वांत लहान पेटीकडे बोट दाखवलं. ड्युएनने सर्वांत मोठी घेतली.

मग बसवण्याचा सोहळा. माझी गाडी त्रेपन्न सालची, तिची बॅटरी सहा व्होल्टची. पेटीला हव्यात बारा. शहाण्या माणसाने इथेच ईश्वरी संकेत ओळखून पेटी परत केली असती. पण ड्युएन (बँकेत कारकून आहे, आणि तरी त्याला वाटतं की विजेच्या तारा त्याच्याशी बोलतात) ट्रॅक्टरची एक बॅटरी घेऊन आला आणि ती त्याने शेजारच्या सीटपुढे, जिथे इर्मा पाय ठेवायची, तिथे बांधून टाकली. ती बॅटरी रोज रात्री, म्हैस गोठ्यात आणावी तशी, घरात आणून चार्जरला बांधायची. राहता राहिलं एरियल. ड्युएनचं म्हणणं, एरियल छताच्या मधोमध हवं, भोक पाडून, म्हणजे आवाज चारी दिशांना सारखा जातो. मी म्हटलं, माझ्या छताला हात लावशील तर तुला मी चारी दिशांना सारखा पाठवीन. ह्याच छतावर गारा वाजत असताना मी इर्माला अख्खी कविता म्हणून दाखवली होती, आणि ती मधेच झोपली नव्हती! तेव्हा तडजोड म्हणून लोहचुंबकाचं एरियल आलं, नुसतं छतावर ठेवायचं. पहिल्याच दिवशी मी गाडी गॅरेजमध्ये घातली आणि वरच्या चौकटीने ते एरियल चुंबकासकट फरफटत डिकीवर आणून टाकलं. निळ्या रंगावर हा एवढा ओरखडा. दोन दिवस मी ड्युएनशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी न्हाव्याकडून परत आलो तो माझ्या छताला भोक! मी केस कापून घेत होतो तेवढ्यात त्या माणसाने माझ्या गाडीचं टाळकं उघडलं होतं. वर उभं एरियल, आणि हा महात्मा हातात मीटर धरून, काट्याकडे बघत, एरियलचं टोक कात्रीने नखाएवढं नखाएवढं कापतो आहे, जणू मी न्हाव्याकडून अर्धवट आलो होतो आणि उरलेलं काम त्याच्याकडे होतं.

‘आता बघा बाबा, काटा कसा खाली आला! एरियल जुळलं!’

माझा काटा कुठवर चढला ते विचारायची त्याला गरज वाटली नाही.

ह्या पेटीवर खरं नाव सांगत नाहीत, हा आणखी एक चावटपणा. प्रत्येकाचं हवेतलं एक नाव असतं. लॉरेटा ‘मधमाशी’. ड्युएन ‘लोखंडी घोडा’. (खऱ्या घोड्यावर बसवला तर दुसऱ्या बाजूने पडेल.) रूडी कुचेरा, जो डुकरं ट्रकात घालून बाजाराला नेतो, तो ‘डुकरांचा राजपुत्र’. हल्दाबाई, वय सत्तर, डोक्याला सदा कर्लर, ‘उत्तरेची राणी’. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझं नाव ओरिन, ते आईबापांनी ठेवलं आहे आणि ते मला पुरतं.

आता गेल्या शनिवारचं ऐक. इथपर्यंत जे वाचलंस ते नुसतं तोंड धुणं होतं.

इर्माला शेवंती ठेवून मी परत निघालो. वाटेत लॉरेटासाठी एक भोपळा घेतला, मोठा, गोल, आणि तो शेजारच्या सीटवर बसवला. पेटीतून रूडी कुणाला तरी डुकरांच्या वजनाबद्दल सांगत होता. मी वैतागलो. पेटीचा माइक हुकावरून काढला आणि भोपळा आणि सीटची पाठ ह्यांच्यामध्ये कोंबला. आणि चमत्कार! पेटी एकदम गप्प झाली. एवढी शांतता त्या गाडीत कित्येक दिवसांत नव्हती. (माइकचं बटण दाबलेलं असेतोवर आपला आवाज सगळीकडे जातो आणि बाहेरचा एक शब्दही आत येत नाही. ड्युएनने हे समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा छताच्या भोकाकडे बघत होतो.)

वेंडेल, बाहेर मका कापून झालेला, ऊन भोपळ्यासारखंच पिवळं, आणि मी एकटा. मी मोठ्याने बोलायला लागलो. म्हातारी माणसं बोलतात. आपल्या चौथीच्या पुस्तकातली ती गिरणीवाल्याची कविता तुला आठवते ना? बाईंनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलेली?

धुके दाटले, कंदिल विझला, धनी झोपला गाडीवर,
मुकाट घोडा चालत राही ओळखिच्या त्या वाटेवर.

ती मी म्हटली, चांगल्या खड्या आवाजात. मग गाडीला सांगितलं की ड्युएनच्या डोक्याला भोक पाडलं तर आतून फक्त वारा येईल. हल्दाबाईचा कॉफी केक मी चर्चमध्ये दर वेळी रुमालात गुंडाळतो आणि बाहेर कुत्र्याला देतो, आणि कुत्रा हल्ली मला टाळतो, हेही सांगितलं. रूडीच्या डुकरांना रूडीपेक्षा जास्त पोच आहे, असंही म्हणालो.

आणि मग एक चौक आला. आपल्याकडचे चौक कसे, तुला माहीत आहे. मैलामैलावर एक, सरळ रेघा, सगळे एकसारखे. मका उभा असतो तेव्हा तरी काही खूण असते. आता चारी बाजूंना नुसती बोडकी शेतं. मी गाडी थांबवली. आणि वेंडेल, मला कळेना. मी जे बोललो ते आता अख्ख्या परगण्याला पाठ आहे, तेव्हा तुझ्यापासून लपवून काय उपयोग? मी म्हटलं, ‘इर्मा, कुठे वळू गं? पुन्हा तसंच झालं. मागच्या वेळी लॉरेटाला मी सोडा प्यायला गेलो म्हणून थाप मारली. ह्या वेळी काय सांगू? इथे एक पिवळी टाकी आहे आणि डुकरांचा वास येतोय. डावीकडे की उजवीकडे?’

तेवढ्यात समोरच्या घरातून हल्दाबाई धावत बाहेर आली. केसांत कर्लर, हातात लाकडी डाव, पायात नवऱ्याचे गमबूट. रस्त्याच्या मधोमध उभी राहून डाव डावीकडे नाचवते आहे आणि तोंडाने काहीतरी ओरडते आहे. मी काच खाली केली नाही. मला वाटलं बाईला झटका आला. मी टोपी काढून नमस्कार केला आणि केवळ तिच्या त्या डावाच्या भीतीने डावीकडे वळलो. पुढच्या चौकात रूडीचा ट्रक उजवा रस्ता अडवून आडवा उभा! रूडी टपावर चढून दोन्ही हातांनी सरळ जा, सरळ जा करतो आहे, आणि आतली डुकरं ओरडताहेत. मी भोपळ्याला म्हटलं, ‘बघ, गावाला वेड लागलंय.’ त्याच्या पुढच्या चौकात पाद्रीबाबा स्वतः, अंगात धर्मोपदेशाचा झगा, आणि हात उजवीकडे. मोझेसनेसुद्धा लोकांना एवढ्या ठामपणे वाट दाखवली नसेल. मी आत बसून त्यांच्या झग्याबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. हवं तर पाद्रीबाबांना विचार.

असा मी घरी पोचलो. लॉरेटा अंगणात उभी. ती गाडीपाशी आली. दार उघडलं, भोपळा उचलला, आणि तो उचलताक्षणी पेटीला कंठ फुटला.

‘मधमाशी, मधमाशी, पोचले का?’ हा रूडी. ‘त्यांना म्हणावं, माझ्या डुकरांनी नमस्कार सांगितलाय!’

‘पोचले का गं? आणि त्या मेल्याला सांग, आता पुढल्या रविवारी माझ्यासमोर बसून अख्खा केक खायचा!’ ही राणी.

आणि लोखंडी घोडा, आमच्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या पेटीवरून: ‘बाबा, आवाज मात्र काय स्वच्छ आला हो! छताच्या मधोमध बसवल्याचा फायदा!’

मला लाज वाटली असेल असं तुला वाटेल. मुळीच नाही, मला राग आला. ज्या गोष्टी मी माझ्या बायकोला विचारत होतो, त्या ह्या लोकांनी का ऐकाव्या? माझा गोंधळ हा माझ्या मालकीचा आहे. आता मला नाव पडलं आहे, ‘होकायंत्र’. बाजारात पोरं मला बघून विचारतात, ‘होकायंत्र आजोबा, उत्तर कुठे?’ लॉरेटाने किल्ल्या एप्रनच्या खिशात टाकल्या. त्या दिवसापासून मी ओसरीवर आहे. आणि इर्माची शेवंती सुकली असेल.

तेव्हा माझं मागणं स्पष्ट आहे. तू तिचा लाडका काका, तुझं ती ऐकते. तिला खरमरीत पत्र लिही, की बापाच्या किल्ल्या परत कर, ती पेटी उपटून काढ, भोक बुजव, आणि ड्युएनला एखाद्या लांबच्या शाखेत बदली मागायला सांग. उशीर करू नकोस.

तुझा संतप्त थोरला भाऊ,
ओरिन

ता. क. लॉरेटाला काही लिहू नकोस. पत्र पाकिटात घालणार तोच आज सकाळी न्याहारीला माझ्या ताटलीशेजारी किल्ल्या दिसल्या. काल संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या पेटीशी बोलत होती आणि मी जिन्यात होतो (ऐकत नव्हतो, बुटाची नाडी बांधत होतो). हल्दाबाई म्हणत होती, ‘अगं, दे त्यांच्या किल्ल्या. विचारतात तरी! माझ्या नवऱ्याने जन्मात कुणाला वाट विचारली नाही, त्यापायी आमचा मधुचंद्र कॅन्ससमध्ये एका धान्याच्या कोठारात झाला.’ लॉरेटाची अट एवढीच, की चौकात शंका आली तर बटण दाबायचं, विचारायचं आणि मग बटण सोडायचं. सोडायचं, हे तिने मला तीनदा सांगितलं. मी पुन्हा थाप मारणार नाही असंही कबूल करून घेतलं. तिचे डोळे लाल होते. मी भोपळ्याच्या सूपाची स्तुती केली.

आणखी ता. क. बर्फ पडायच्या आत चार दिवस येऊन जा. कोंबड्या शेजाऱ्याकडे ठेव. लहानपणी बाबांच्या घोडागाडीत तू माझ्याशेजारी बसून प्रत्येक चौकाला, प्रत्येक शेताला नावानिशी मोठ्याने हाका मारत जायचास आणि मी तुला चापट मारायचो. आता माझ्याशेजारी बसून पुन्हा तसंच कर. सगळ्या रस्त्यांवरून एकदा जाऊ. मी चापट मारणार नाही. मी काही विचारणारही नाही, नुसता ऐकेन. लॉरेटाला सांगू नकोस कशासाठी येतोस. सांग की सोडा प्यायला. पायांशी बॅटरी आहे, तेव्हा गुडघा जरा सांभाळावा लागेल.

हे पत्र मी स्वतः गाडीने टपालात टाकायला चाललो आहे. पिवळ्या टाकीच्या चौकात विचारीन. टपालाचं ऑफिस कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, पण न विचारता गेलो तर हल्दाबाई थंडीत कोट न घालता पुन्हा धावत बाहेर येईल.

ओ.